पिशवी न काढता

डॉक्टरीणबाईंनी कागदावर गर्भाशयाची आकृती काढली आणि तिच्या भिंतीत पेनाने दोन गोळे गिरवले. एक लिंबाएवढा, दुसरा संत्र्याएवढा.

"म्हणजे माझ्या पोटात फळबाजारच," मुलगी म्हणाली.

शेजारी बसलेली काकू खुदकन हसली. आईला हसू आलं नाही.

गाठी साध्या आहेत, पण रक्तस्राव थांबवायलाच हवा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पिशवी काढायची गरज नव्हती. दुर्बिणीतून नुसत्या गाठी सोलून काढता येतील; पुढे मूल हवं असेल तर बहुधा हेच बरं, मात्र आतली जखम भरेपर्यंत थांबायचं, आणि गाठी पुन्हा होऊही शकतात. मनगटातून बारीक नळी घालून त्यांचा रक्तपुरवठा तोडला तर त्या हळूहळू आक्रसतात, पण मग पुढच्या गरोदरपणाचं तितक्या खात्रीने सांगता येत नाही. बाहेरूनच ध्वनिलहरींनी गाठ जाळायची सोयही होती. चिरा नाही, टाका नाही. फक्त प्रत्येक गाठीला ते जमत नाही.

मुलीचं नुकतंच लग्न झालं होतं. मूल तिला हवं होतं. ती एकेक शंका नीट विचारत राहिली. आईने मात्र भलतंच विचारलं.

"हे सगळं अलीकडेच निघालं असेल ना?"

"छे हो. दुर्बिणीचं तर फार जुनं."

आईने पर्सची चेन उघडली आणि काही न काढता लावली. दहा-बारा वर्षांपूर्वी धाकट्या जावेला, म्हणजे या काकूलाच, अशाच गाठी झाल्या होत्या. मूल झालेलं नव्हतं. तरी थोरलेपणाच्या तोऱ्यात आईनेच सांगून टाकलं होतं: पिशवी काढून टाक एकदाची, कटकट जाईल. माझी दोन आहेतच की, तुझीच समज. जावेने पिशवी काढून टाकली. मग दोन वर्षांत कुरबुरी नकोत म्हणून आईच दोन्ही मुलांसकट वेगळी राहायला गेली होती.

मुलगी आणखी एका सोनोग्राफीसाठी कपडे बदलायला गेली. दोघी जावा बाहेर बाकावर बसल्या.

"तुला तेव्हा हे कुणी सांगितलं नसेल," आई फरशीकडे बघत म्हणाली.

"सांगितलं होतं की, जाऊबाई. चांगलं समजावून सांगितलं होतं त्या डॉक्टरांनी."

"मग?"

"तुम्ही म्हणालात ना, माझी दोन तुझीच. मला खरंच वाटलं."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उलट बोलता येतं.

दार उघडून नर्स बाहेर आली. पेशंट घाबरलीय, म्हणाली, सोबत एकीलाच आत येता येईल. आई कोण?

आई अर्धवट उठली होती. ती परत बसली आणि जावेच्या दंडाला हात लावून म्हणाली, "ही."

काकूने तो हात हलकेच बाजूला केला.

"नाही हो," ती नर्सला म्हणाली, "मी काकू."