रुळाला कान

“पहिले दोन दिवस चर्चा, तिसऱ्या दिवशी सहल,” सहदेव मास्तर म्हणाले. “पण चर्चेला सुरुवात कशानं करायची?”

“प्रश्नानं,” विमलबाई म्हणाल्या. “रुळाला कान लावला की गाडी आधी का ऐकू येते? लहानपणी सगळ्यांनीच लावलेला असतो.”

मास्तर खळखळून हसले. आत चुलीपुढं बसलेल्या बायजाचा हात थांबला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण घरात ते असं कधी हसले नव्हते.

सन चौतीसची दिवाळीची सुट्टी होती. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या शिक्षकांसाठी मास्तरांनी पदार्थविज्ञानाचा वर्ग भरवायचं ठरवलं होतं. कन्याशाळेतल्या विमलबाई पुण्यात शिकलेल्या, एकट्याच राहणाऱ्या. आठवडाभर त्या रोज ओटीवर येत होत्या.

त्या गेल्यावर बायजानं विचारलं, “एवढं काय बोलत व्हता वं?”

“तुला नाही कळायचं ते,” मास्तर म्हणाले. रागानं नव्हे, सहज. तेच तिला जास्त लागलं.

चर्चेचे दोन दिवस छान पार पडले. दुसऱ्या संध्याकाळी बायजा विमलबाईंच्या घरी गेली. “मास्तर म्हनलं, उद्या तुमी सहलीला येऊ नका. लोक नावं ठेवतात.”

विमलबाईंचा चेहरा उतरला. “बरं,” एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येऊन बायजानं नवऱ्याला सांगितलं, “बाईंना ताप हाय. त्या नाय यायच्या.”

तिसऱ्या दिवशी सगळे शिक्षक भिवपुरीजवळच्या ओढ्यावर गेले. जेवण घेऊन बायजाही गेली. धबधब्याच्या तुषारांवर ऊन पडून इंद्रधनुष्य उमटलं होतं. मास्तर समजावून सांगू लागले, पण मधेच अडखळत होते, सारखे पायवाटेकडं बघत होते. शिक्षक पांगल्यावर बायजा जवळ गेली. आज ते तिच्या एकटीच्या वाट्याला आले होते.

“पान्यात हे रंग कुठनं येतात वं?” तिनं विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मास्तर पाण्याकडंच बघत राहिले. “विमलबाई असत्या तर तुला नीट सांगितलं असतं त्यांनी. माझ्याहून छान समजावतात.”

बायजा मागं वळली. तिनं पळसाची पानं मांडली, सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली. स्वतः जेवली नाही. दोन भाकऱ्या मात्र फडक्यात बांधून ठेवल्या.

उन्हं कलताना ती विमलबाईंच्या अंगणात उभी होती.

“मास्तर तसं काय बोललं नव्हतं,” ती म्हणाली. “मीच बोलले. माझ्या मनानं.”

विमलबाईंनी भाकऱ्यांचं फडकं हातात घेतलं. बराच वेळ त्या त्याची गाठ चाचपत राहिल्या. “मला वाटलं, मास्तरांनाच मी नकोशी झाले. रात्रभर तेच मनात होतं.”



विमलबाईंनी तिला बस म्हटलं नाही. पण दारही लावलं नाही. बायजा तिथंच, अंगणात उभी राहिली.