रेल्वेचा डोळा

बायको कौशल्या जाऊन सात महिने झाले, तरी भिलाईच्या त्या नव्या क्वार्टरमध्ये रोज सकाळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज यायचा, "अवजी, काय रंग हाय?" भाऊराव दाढी करता करता थांबायचा. एकदा तर त्यानं "हिरवा" असं उत्तरही दिलं, आणि मग स्वतःच्याच आवाजाला दचकला.

तिला साखरेचा आजार होता. तपासणी घरीच करायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात आठ थेंब लघवी टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. हिरवं झालं तर नेहमीची सुई. विटेसारखं लाल झालं तर तडक दवाखाना गाठायचा. आजारानं कौशल्याची नजर अंधुक झालेली, म्हणून रंग बघायचं काम नवऱ्याकडे आलं. "आमच्या मालकाचा डोळा रेल्वेचा हाय," असं ती शेजारणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची.

आता या डोळ्याची गोष्ट ऐका. भाऊराव गोंदियाकडे रुळांवर गँगमन होता. बढती देऊन सांधे बदलणारा, सिग्नल बघणारा पॉइंट्समन करायची वेळ आली तेव्हा रेल्वेच्या डॉक्टरनं अंधाऱ्या खोलीत रंगीत दिवे दाखवले, आणि लाल कोणता, हिरवा कोणता, हे गड्याला सांगता येईना. जन्मापासून ते दोन्ही रंग त्याला सारखेच मातकट दिसत. झेंड्या तो शिलाईवरून ओळखायचा! घरी मात्र मिशीला पीळ देऊन म्हणाला, "पोलादचा कारखाना बांधून राहिले. तिकडंच जाऊ, पगार जास्त हाय." झाकली मूठ सव्वा लाखाची. बायकोपुढंही त्यानं ती उघडली नाही.

नळी मातकट झाली की तो हिरवा म्हणायचा. शेवटच्या सकाळी रंग रोजच्यापेक्षा गडद वाटला होता. नळी कुणाला तरी दाखवावी असं मनात आलं, पण दाखवली तर लोक विचारतील, रेल्वेचा डोळा ना तुझा? तो हिरवाच म्हणाला आणि ड्युटीवर गेला. दुपारी कौशल्या बेशुद्ध पडली, ती उठलीच नाही. साखर फार चढली होती, म्हणाले डॉक्टर. चूक डोळ्याची की नशिबाची, हे भाऊरावनं कुणाला विचारलं नाही.

थंडीत त्याची थोरली बहीण सिंधुताई राहायला आली. तिलाही तोच आजार, वर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चौथ्या दिवशी सकाळी ती भिंत धरून उभी राहिली.

"रातभर घसा सुकून राहिला रे," ती म्हणाली. "नळी उकळली म्या. पाह्य बरं भाऊ, काय रंग हाय?"

भाऊरावनं नळी खिडकीशी धरली. त्या सकाळचा तोच गडद मातकट रंग. जिभेवर 'हिरवा' आलाच होता. स्वयंपाकघर मात्र आज गप्प होतं, आणि कौशल्याही उत्तराची वाट पाहतेय असं वाटून त्यानं नळी खाली घेतली.

"ताई, मले नाही ओळखता येत."

"म्हंजे?"

"लाल अन् हिरवा मले एकच दिसते. जल्मापासून."

तो तसाच अनवाणी बाहेर धावला. शेजारचा छत्तीसगढी सुखराम सायकल काढत होता. त्यानं नळी उन्हात धरली.

"लाल हवय भइया. ईंटा असन लाल." म्हणजे विटेसारखा लाल.

सुखरामनंच रिक्षा आणली. दवाखान्यात सलाइन लागलं, सुया झाल्या. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. तिसऱ्या दिवशी सिंधुताई उशीला टेकून बसली आणि तिनं भावाचा हात हातात घेतला.

"तू होता म्हून वाचली रे मी."

भाऊराव तिच्या हाताकडे बघतच बोलला.

"त्या दिवशी कौशल्याची नळी अशीच दिसली होती, ताई. अश्शीच. मी तिले हिरवा सांगतला."

सिंधुताईनं आपला हात हळूच काढून घेतला.