मुंगसाची पोच

आधीच सांगून टाकते, हे सगळं माझ्यामुळं झालं. सोसायटीत कुणी वनखात्याला शिव्या घालतं, कुणी सेक्रेटरीला. घालोत बापडे. पण प्रतिज्ञापत्र टाइप केलं मी, आणि त्याची एक प्रत वनखात्यात देऊन या ही अक्कलही माझीच.

सांगलीत आमच्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर माझं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, प्रतिज्ञापत्र. बारा वर्षं झाली. उत्पन्नाचा दाखला असू दे नाहीतर नावातली दुरुस्ती, माणूस आधी "अंकिताताई, जरा बघा की" म्हणत माझ्याकडं येतो आणि मग ऑफिसात जातो. कुठल्या टेबलावर काय चालतं ते मला पाठ. त्याचा मला लय माज होता.

लालासाहेब आबा मागच्या दिवाळीनंतर इथं राहायला आले. गाव शिराळ्याचं, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर, बायको जाऊन चार वर्षं झालेली. न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला, म्हणून जयराजनं, त्यांच्या मुलानं, बळंच तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. येताना त्यांच्याबरोबर दोन ट्रंका होत्या आणि खांद्यावर एक मुंगूस.

मुंगसाचं नाव नायक. तीन वर्षांमागं तोडीच्या आधी उसाचा फड पेटवला, तेव्हा हे पिल्लू आगीतून बांधाकडं आलं होतं. शेपटाचं टोक जळालेलं. आबांनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलं. पुढं ते त्यांच्या सदऱ्यातच राहायला लागलं. आबा माझ्याकडं पेपर वाचायला बसले की काउंटरवर उतरून माझी पिनांची डबी उपसायचं. मी ओरडायचे, "आवं आबा, धरा तुमच्या फौजेला!" मग आबा म्हणायचे, "नायक, सावधान!" आणि ते मागच्या दोन पायांवर ताठ उभं राहायचं. शेंगदाण्यासाठी राहायचं, दुसरं काही नाही. पण म्हातारा खूश.

"ह्यो हाय म्हणून मी हितं हाय," ते एकदा म्हणाले. "न्हाईतर ह्या खोक्यात मला कोन हाय गं? जयराज सकाळी जातोय, दिवे लागल्यावर येतोय. सून चांगली हाय, पर ती फोनशी बोलतीया. माझ्याशी बोलाय ह्यो एकटाच."

जानेवारीत जिन्यापाशी नोटीस लागली. परवाना नसलेले प्राणी आठ दिवसांत सोसायटीबाहेर न्यावेत. खाली सेक्रेटरीची सही. आता ह्या सेक्रेटरीच्या घरात काय होतं? फेरेट! त्यांचा पोरगा यशराज पुण्याच्या दुकानातून घेऊन आलेला. लांबट, भुरं, आखूड पायांचं, नायकच्या शेजारी ठेवलं तर चुलतभाऊ म्हणाल. त्याला एसीच्या खोलीत तीन मजली पिंजरा.

आबा वर जाऊन भांडले. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "आमच्याकडं फाइल आहे. तुमच्याकडं आहे का?"

फाइल मला ठाऊक होती. दुकानाची पावती, लसीचं पुस्तक आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. ते प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलेलं. परवाना असा त्यात कुठंच नव्हता, पण गोल शिक्का होता. आणि गोल शिक्का दिसला की आपल्याकडं वर काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही.

आबा काठी टेकत खाली आले. "पोरी, त्या उंदराची फाइल हाय, तशी माझ्या नायकची कर."

तरी मी विचारलं, "आबा, पण मुंगूस जंगलातलं की हो. कायद्याचं काही असेल बघा."

आबा हसले. "मी शिराळ्याचा हाय. मला कायदा शिकवू नगंस. नागपंचमीला नाग धराय बंदी आली तवा आमच्या गल्लीत पोलीस उभं व्हतं. नागाला राखायचा कायदा हाय, ठीक. मग नागाला राखनारं सरकार नागाच्या वैऱ्याला कशापाय राखंल? उलट ह्याला मी सदऱ्यात धरून ठिवलाय म्हणून मला बिल्ला द्याला पायजे!"

मी पोट धरून हसले. आणि मला ते पटलं. दोन मिनिटं फोनवर शोधलं असतं तर सगळं कळलं असतं. दिवसभर लोकांसाठी शोधत बसणारी मी, त्या दिवशी शोधलं नाही. कारण मला एक युक्ती सुचली होती, आणि युक्ती सुचली की मला दुसरं काही दिसत नाही.

युक्ती पोचेची. ऑफिसात अर्ज द्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. ती पोच. अर्जाचं पुढं काय व्हायचं ते वर्षा-दोन वर्षांनी होतं, नाहीतर होतच नाही. तोवर शिक्क्याची प्रत दाखवायची, काम भागतं. माझ्या हातच्या पोचेवर टपऱ्या चालल्यात, गॅलऱ्या आत घेतल्यात. सेक्रेटरीला शिक्काच बघायचाय ना, मग सरकारी दाखवू.

आबांना हे भारी आवडलं. "फौजेत आमच्याकडं बी असंच. एक वर, एक खाली, एक फायलीला. सायबाला न सांगता ठिवलं तर चोरी, सांगून ठिवलं तर न्हाई."

प्रतिज्ञापत्राच्या तीन प्रती काढल्या. 'नायक नावाचे एक नर मुंगूस गेली तीन वर्षे माझ्या ताब्यात असून मी त्याचे पालनपोषण करीत आहे.' ताब्यात हा शब्द माझा. आबा 'माझ्याजवळ' म्हणत होते, मी म्हटलं, तसं कच्चं वाटतं.

जयराज कामावर गेल्यावर आबा एकटेच रिक्षानं वनखात्याच्या ऑफिसात गेले आणि शिक्का घेऊन आले. सेक्रेटरी शिक्का बघून गप्प झाले. पाच दिवस आबा ती पोच प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात घेऊन फिरत होते. भाजीवालीलासुद्धा दाखवली.

सहाव्या दिवशी वनखात्याची जीप आली. एक साहेब आणि एक तरणा वनरक्षक, बिरदेव नावाचा, जतकडचा. प्रतिज्ञापत्राच्या तळाशी माझ्या दुकानाचं नाव होतं म्हणून पत्ता विचारायला माझ्याकडंच आले. मी हसत उठले. पासपोर्टला पोलीस येतात तसं घर बघायला आलेत, असं वाटलं मला. स्वतः वर घेऊन गेले त्यांना.

साहेब उद्धट असता तर बरं झालं असतं. त्यानं पाणी मागितलं, बसला, आणि म्हणाला, "आबा, मुंगूस घरात ठेवताच येत नाही. त्याला परवाना ही भानगडच नाही. वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि तुम्ही तर सहीनिशी लिहून दिलंय. पण स्वतः होऊन कळवलंत, वय झालंय. स्वखुशीनं जमा करतोय असं लिहून द्या, मी पुढं वाढवत नाही."

आबांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "आन ते वरचं, सेक्रेटरीच्या पोराचं फेरेट?"

"ते परदेशी आहे, आबा. पाळीव. आपल्या रानात ते सापडत नाही."

"म्हंजे दुकानातनं आणलं तर चालतंय. आगीतनं काढलं तर न्हाई."

बिरदेव हळूच म्हणाला, "आबा, रंगाचे ब्रश कराय मुंगसं मारत्यात, पोत्यांनी केस सापडत्यात. म्हणून कायदा कडक केलाय. तुमच्यासारख्यांसाठी न्हवं त्यो." तो खोटं बोलत नव्हता, आणि त्याचाच मला संताप येत होता. भांडायला समोर कुणीतरी वाईट माणूस तर पाहिजे.

बिरदेवनं पिंजरा उघडला, पण नायक काही केल्या आत जाईना. सदऱ्यात शिरून बसला. शेवटी आबा खाली बसले, मोडलेल्या खुब्यावर, आणि मुठीत शेंगदाणे घेऊन हात पिंजऱ्यात घातला. नायक हातामागं आत गेला. आबांनी हात काढून घेतला.

"पोच द्या," आबा म्हणाले.

साहेबानं कागदावर लिहिलं, 'एक मुंगूस, नर, मिळाले.' आबांनी वाचलं. "जिवंत लिवा." त्यानं जिवंत लिहिलं. "त्याच्याखाली रेघ मारा." त्यानं रेघही मारली आणि शिक्का दिला. आबांनी ती पोच पहिलीच्या जोडीला त्याच प्लास्टिकच्या पिशवीत घातली.

त्यानंतर दर सोमवारी आबा दुकानात यायचे. अर्ज एकच. 'सदर मुंगूस सध्या कुठे व कसे आहे, कृपया कळावे.' मी टाइप करायचे, पोस्टात टाकायचे. उत्तर नाही. जयराज सांगत होता, आबा जेवत नाहीत, सदऱ्याचं वरचं बटण उघडंच ठेवतात.

दीड महिन्यानं बिरदेव स्वतःच्या कामाला सांगलीत आला तेव्हा दुकानात डोकावला. त्यानंच सांगितलं. पाटणच्या पुढं, कोयनेच्या अंगाला, चांगलं दाट रान बघून सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी नायक रानातून एका वाडीत उतरला. अंगणात एक म्हातारा बसला होता, त्याच्याकडं सरळ चालत गेला आणि खांद्यावर चढला. रानातलं जनावर असं अंगावर येतं का कधी? पिसाळलंय म्हणून लोकांनी काठीनं मारलं. "शेपटावरनं ओळखलं मी," बिरदेव म्हणाला. "ताई, म्हाताऱ्याला सांगू नगासा."

मी नाही सांगितलं. मी त्याहून शहाणी ना! पुढच्या सोमवारच्या आत मी एक पत्र बनवलं. वर खात्याचं नाव, मधे 'सदर मुंगूस नैसर्गिक अधिवासात सुस्थितीत असून स्वतः शिकार करीत असल्याचे आढळून आले आहे', खाली वाकडीतिकडी सही. बारा वर्षांत एकही खोटा कागद केला नव्हता. पाकिटात घालून आबांच्या हातात दिलं. "आलं बघा उत्तर!"

आबांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं. उलटून मागची बाजू बघितली. परत पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं, आता हसतील.

"पोरी, ह्याच्यावर जावक नंबर न्हाई."

"राहिला असेल, आबा. घाईत..."

"सरकार मानूस इसरंल. जावक नंबर इसरत न्हाई." त्यांनी पत्राची घडी घातली आणि माझ्याकडं बघितलं. "कवा मेलं?"

त्यांनी नजर काढली नाही, तेव्हा मी सगळं सांगितलं. वाडी, अंगण, म्हातारा. खांद्यावर चढल्याचं सांगताना मी रडले. आबा नाही रडले.

"मला हुडकत व्हतं," ते म्हणाले. "मीच सवय लावली खांद्याची."

"आबा, माझं चुकलं. मी शोधायला पाहिजे होतं आधी. मीच तुम्हाला पाठवलं."

त्यांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हणतील असं मला वाटत होतं, काय खोटं सांगू. खिशातून ती प्लास्टिकची पिशवी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली, पिनांच्या डबीशेजारी.

"ही ठिव तुझ्याकडं. तुझी युक्ती हाय. आन पुढल्या टायमाला कुनाचं काय लिवून देशील तवा आदी इच्यार."

त्यानंतर ते माझ्या दुकानात आले नाहीत. पेपर वाचायला आता चौकापलीकडच्या चहाच्या गाड्यावर जातात, त्या पायानं, रस्ता ओलांडून. परवा सेक्रेटरी येऊन गेले. यशराजच्या फेरेटला दुसरं आणायचंय, जोडीला. तसंच एक प्रतिज्ञापत्र करून द्या म्हणाले. मी म्हटलं, मशीन बंद आहे. मशीन चालूच होतं, त्यांच्या डोळ्यांसमोर. पोच अजून ड्रॉवरमध्ये आहे. एक मुंगूस, नर, जिवंत. रेघ निळ्या शाईची आहे, जरासुद्धा पुसट झालेली नाही.