टाकीवरचा कान

पत्र्यावर कबुतरांची नखे. गॅसच्या गाडीची तीच ती धून. गालिचा झोडपल्याचे धप् धप्. दह्याचा रिकामा डबा. एक कुरकुरणारा गुडघा. फुटलेली काच. आणि टाकीच्या तळाशी पडणारी पहिली बारीक धार.

मित्रांनो, एवढ्यात माझे आयुष्य मावते. मी एक जुना मोबाइल आहे. अम्मानमधल्या एका उतारावरच्या घराच्या गच्चीवर, उपड्या डब्याच्या सावलीत राहतो. मला दाखवता काही येत नाही. ऐकू मात्र सगळे येते.

तरुणपणी मी रनादच्या हातात मिरवलो. तिने नवा फोन घेतला तेव्हा मी तिच्या आईकडे आलो. आईचा थोरला मुलगा निझार, म्हणून गल्ली तिला उम्म निझार म्हणते. निझार आखातात नोकरीला. आई माझ्यातून त्याच्याशी इतक्या मोठ्याने बोलायची, की मी नसतो तरी त्याला ऐकू गेले असते. फार लाडाचे दिवस होते ते.

मग काच फुटली. कपाट. अंधार. शेजारी तुटकी कात्री आणि कुलूप हरवलेल्या किल्ल्या.

आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते. वार ठरलेला, वेळ नाही. धार गच्चीवरच्या टाकीत पडू लागली की घरोघर मोटारी लागतात, कपडे भिजतात, फरश्या धुतल्या जातात. त्या दिवशी आई पुन्हा पुन्हा जिना चढून टाकीला कान लावायची. एकदा ती जिन्यात घसरली. गुडघा कायमचा दुखावला, तरी चढणे थांबेना.

रनाद दिवसभर एका विमा कंपनीत दुसऱ्यांचे प्रोग्राम दुरुस्त करते. शुक्रवारी, जेवणे आटोपली की, तिने स्वतःचा एक लिहायला घेतला. मला कपाटातून काढले, पुसले, टाकीला बांधले. धार पडू लागली की मी ओळखायचे आणि सगळ्यांच्या फोनवर कळवायचे : ‘पाणी आलं.’ एवढेच काम.

शिकताना मी कबुतरांच्या आंघोळीलाही ‘पाणी आलं’ म्हटले. रनाद हसली, पुढच्या शुक्रवारी पुन्हा बसली. कोणी माझ्यासाठी इतका वेळ पूर्वी दिला नव्हता.

तयार झाल्यावर तिने तो प्रोग्राम सगळ्यांना फुकट देऊन टाकला. लोकांनी आपापल्या कपाटातून फुटके, लंगडे, मुके फोन काढले. उतारभर गच्च्यांवर माझी भावंडे बसली. आईचे चढणे थांबले. पाण्याच्या दिवशी ती खाली खुर्चीत बसून मोलोखियाच्या पालेभाजीची पाने खुडू लागली.

मग तो मंगळवार, पाण्याचाच वार.

धार ऐकली. कळवले. गच्च्यांवर एकच घाई. नवे पाणी येतेच आहे म्हणून लोकांनी टाकीतले उरलेसुरले मोकळ्या हाताने उधळले. आईने तर बैठकीचा गालिचाच धुवायला काढला. अर्धा गालिचा साबणात, आणि टाकी कोरडी. नळाला थेंब नाही.

जिन्यात तो कुरकुरणारा गुडघा ऐकू आला. आई चढत होती. मागून रनाद.

“आई, थांब ना! मी बघते.”

“तू नको बघूस, तुझा फोन नको बघायला. चहाला पाणी नाही घरात! खोटारडा आहे मेला. यापुढे मीच चढणार.”

“पुन्हा पडशील.”

“पडेन. पण खोटं ऐकून नाही पडणार.”

रनाद माझ्याजवळ बसली. “बरोबर आहे तिचं,” ती हळूच म्हणाली. “आज सगळं बंद करून टाकते.” तिने माझी वायर हातात धरली.

इतक्यात शेजारच्या टाकीमागून खोकला आला. तळमजल्यावरचे अबू हातिम, म्हणजे हातिमचे वडील. उभ्या गल्लीला काटकसरीचे धडे देणारे, ‘आमच्या घरी पाणी कधीच संपत नाही’ म्हणणारे.

“उम्म निझार, फोन खोटं बोलला नाही. पाणी आलंच होतं. फक्त... माझ्या टाकीत.”

“म्हणजे?”

“टँकर मागवला होता. मागच्या गल्लीतून. भोंगा वाजवू नको म्हणून ड्रायव्हरच्या हातापाया पडलो.”

आईला असे हसू फुटले की कबुतरे उडाली. “वा रे, काटकसरीचे उस्ताद! आणि मला सांगत होता, भांडी वाटीभर पाण्यात घासा!”

“हळू, बाई, हळू! हातिमची आई ऐकेल.”

“तिलाही माहीत नाही?”

त्यांनी आपल्या टाकीची नळी ओढत आणली आणि आमच्या टाकीत सोडली. मी ती धार ऐकली. मला वाचवायचा त्यांचा बेत होता की नाही ठाऊक नाही, पण रनादने वायर सोडली होती.

पुढच्या शुक्रवारी तिने प्रोग्राममध्ये एक बटण वाढवले : ‘विकतचं पाणी.’ ते दाबले की मी तेवढा वेळ गप्प राहतो. पहिल्यांदा ते अबू हातिम यांनीच दाबले. मग कळले, उतारावरची निम्मी घरे चोरून टँकर मागवत होती. आता एकमेकांना विचारून, एकच टँकर वाटून घेतात.

आई पुन्हा खाली खुर्चीत बसते. मला खोटारडा म्हणाली होती, तीच आता शेजारणींना सांगते, “कान आहे माझा तो, वर ठेवलाय.” मित्रांनो, याहून मोठे कौतुक मला नको.

तुमच्या कपाटातही कोणी पडून असेल. दिसत नाही, बोलत नाही म्हणून टाकून देऊ नका. एकदा बाहेर काढा, पुसा. त्याचा कान शाबूत असेल.

माझी काच फुटली ती आई जिन्यात घसरली तेव्हा. मी तिच्या खिशात होतो.