सुरूच्या बनातली खोली

राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसांना जंगलाचं फारसं कौतुक नसतं. बोरिवली पूर्वेच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सुगंधाला तर जंगल म्हणजे माकडं एवढंच ठाऊक होतं. खिडकीत वाळत घातलेली आमसुलं ती नेत, चाखून बघत आणि आंबट लागली की कुंडीत थुंकत. त्यामुळे प्रांजलने, म्हणजे तिच्या मुलीने, डिसेंबरात मालवणचं सागरी अभयारण्य बघायला जायचं म्हटलं तेव्हा बापाने, धाकूने, पहिला प्रश्न हाच विचारला, की दाराशी एक अभयारण्य असताना दुसरं कशाला.

"बाबा, ते पाण्याखाली आहे," प्रांजल म्हणाली. "तिथे माकडं नाहीत."

प्रांजल प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला प्रवाळ बघायचे होते, त्यासाठी होडीवाल्याबरोबर सकाळी लवकर निघावं लागणार होतं आणि म्हणून किनाऱ्याला लागून राहायला हवं होतं. तिने मोबाइलवर तीन ठिकाणं काढून आईसमोर धरली. पहिलं जेटीजवळचं, दुमजली, नवं कोरं, निळ्या काचांचं. दुसरं धाकूच्या वर्गमित्राने घरालाच दोन खोल्या वाढवून काढलेलं. तिसरं सुरूच्या बनातलं. चार खोल्या, पुढे पडवी, पडवीपुढे वाळू आणि वाळूपुढे समुद्र. एक कोळी कुटुंब ते चालवत होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, की सकाळी उठायच्या आत चहा पडवीत आणून ठेवतात.

सुगंधाने ते वाक्य दोनदा वाचलं आणि मोबाइल परत दिला.

अडचण एवढीच होती, की ही तिन्ही ठिकाणं धाकूच्या स्वतःच्या गावात होती. खाजणवाडीत त्याच्या थोरल्या भावाचं, श्यामसुंदरचं, चांगलं चिरेबंदी घर होतं. दरवर्षी गणपतीला आणि मे महिन्यात धाकूचं कुटुंब तिथेच उतरत आलं होतं. धाकूचे वडील गिरणीत होते, पोटमाळ्यावर जन्म काढला, पण गावच्या घरातला वाटा त्यांनी सोडला नाही. धाकू स्वतः अंधेरीच्या एमआयडीसीत छापखान्यात फोरमन होता आणि बोलायला मोजका होता. या विषयावर मात्र तो चहा गार होईपर्यंत बोलला. आपलं घर असताना लॉजवर उतरायचं म्हणजे तोंड दाखवायला जागा राहणार नाही. एसटी स्टँडवरच लोक म्हणतील, भावाभावांत फाटलं. दादा काही बोलणार नाही, पण जेवणार नाही.

सुगंधाला यातलं सगळं मान्य होतं. तिचा राग ना घरावर होता ना दीरावर. तिची गोष्ट वेगळी होती आणि ती तिने आजवर कुणालाच सांगितली नव्हती. सुगंधाचं माहेर घाटावरचं, समुद्रापासून लांब. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, मजा आहे बाई, समुद्राकाठचं सासर. त्याला पंचवीसेक वर्षं झाली. या वर्षांत ती गावी उतरली की पिशवी ठेवायची, पदर खोचायचा आणि मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरायचं, हा क्रम कधी चुकला नाही. नारळ खवायचे, वडे थापायचे, मासे साफ करायचे, पंगत उठली की भांडी. समुद्र तिला ऐकू यायचा. अगदी मागच्या माडांपलीकडेच होता तो. पण त्याच्याजवळ जायचं तर सगळं आवरल्यावर, म्हणजे अंधारात. औषधांच्या कारखान्यात तिच्याबरोबर पॅकिंगला असणाऱ्या बायका सहलीला जाऊन मालवणचे फोटो काढून आणायच्या आणि तिला विचारायच्या, हे तुमच्याच गावाजवळचं ना? ती हो म्हणायची. फोटोतलं पाणी इतकं हिरवं असतं हे तिला त्यांच्याकडूनच कळलं होतं.

तिला चार दिवस दुसऱ्या कुणीतरी केलेला चहा हवा होता आणि दिवसाउजेडी समुद्र हवा होता. पण हे बोलायचं कसं? कारण त्याच स्वयंपाकघरात तिच्या शेजारी मोठी जाऊ रतन बसलेली असायची, आणि सुगंधा तिथे वर्षातून दोनदा जायची तर रतन बारा महिने होती. मला तुमच्या चुलीपासून सुटका हवी, असं तिला कोणत्या तोंडाने सांगणार? त्यापेक्षा प्रांजलच्या अभ्यासावर ढकलावं, असं तिने ठरवलं होतं. धाकूने ते एका वाक्यात मोडून काढलं. अभ्यास प्रांजलचा आहे ना, मग ती राहील तिथे. आपण दोघं घरी.

"आई, तू सरळ सांग ना बाबांना," प्रांजल रात्री भांडी पुसताना म्हणाली. "एवढं काय यार."

सुगंधाने सरळ सांगितलं नाही. ती हटूनही बसली नाही. फक्त तीन दिवस तिने जाण्याचा विषयच काढला नाही आणि चौथ्या दिवशी धाकूच टेकीला आला. तो म्हणाला, आपण वाद कशाला घालायचा, रवळनाथाला विचारू. देव सांगेल तसं.

खाजणवाडीत ही काही जगावेगळी गोष्ट नव्हती. लग्न, विहीर, घराची दुरुस्ती, गोठ्यातलं दुखणं, सगळं ग्रामदेवतेला कौल लावून ठरायचं. गुरव देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुंबईकर चाकरमानी आताशा हे व्हिडिओ कॉलवर करत. शिवाय गुरव गुणाजी हा धाकूचा शाळेतला जोडीदार होता. देव काय सांगेल ते देवाला माहीत, पण गाऱ्हाणं काय घालायचं हे गुणाजीच्या हातात होतं, आणि धाकू तेवढ्यावर निर्धास्त होता.

सुगंधा म्हणाली, चालेल. फक्त गाऱ्हाणं माझ्या शब्दांत.

गुणाजीला फोनवर हे ऐकून ठसका लागला. गाऱ्हाण्याची रीत असते, पूर्वजांची नावं घ्यायची असतात, सीमेवरचे देव मोजायचे असतात. सुगंधाने त्याला सांगितलं, की सुरुवात तुमची, शेवट तुमचा, मधलं तेवढं मी बोलेन. ज्याचं मागणं त्याच्या तोंडून गेलेलं देवालाही बरं. गुणाजीने रविवारची सकाळ ठरवून दिली.

रविवारी सकाळी तिघं आंघोळी करून हॉलमध्ये बसली. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. गावी फोन श्यामसुंदर धरेल असा सुगंधाचा हिशोब होता. दिराला ऐकू कमी यायचं. पण पडदा उजळला तेव्हा त्यात रतनचा चेहरा होता, डोकीवर पदर, कपाळावर ताजं कुंकू.

"तेंका फोन सरळ धरूक जमना नाय," ती म्हणाली. "मी धरतंय. तू बोल गो."

मग फोन फिरला आणि देवळाचा गाभारा दिसू लागला. आता मागे फिरायचं म्हणजे देवापुढे उठून जायचं. गुणाजीने तोवर सुरुवात केली होती.

"बा रवळनाथा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाशी येवक निघाली आसत..."

"व्हय म्हाराजा," धाकू म्हणाला. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्याने असा होकार द्यायचा असतो, आणि धाकू लहानपणापासून तो देत आला होता. गुणाजीने पूर्वज संपवले, सीमा संपवली, घसा खाकरला आणि थांबला.

सुगंधाने हात जोडले. तिला वाटलं होतं, सुचणार नाही. पण देवाशी बोलताना आडून बोलता येत नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि मग ती सरळच बोलली.

"देवा, मी तुझ्या गावात इतकी वर्षं येते, पण दिवसाउजेडी मी तुझा समुद्र धड बघितलेला नाही."

"व्हय म्हाराजा," धाकू सवयीने म्हणाला.

"पिशवी ठेवते ती स्वयंपाकघरात आणि उचलते ती स्वयंपाकघरातून."

"व्हय म्हाराजा."

"कुणी मला कधी म्हटलं नाही, की जरा बस."

"व्हय म्हा..." धाकूचा आवाज अर्ध्यावर विरला. प्रांजलने त्याच्याकडे बघितलं. मग त्याने खाली मान घालून उरलेलं पुरं केलं.

"माझा घरावर राग नाही. रतनवैनींवर तर नाहीच, त्या माझ्याहून जास्त राबतात. मला चार दिवस आयता चहा हवाय, एवढंच. सुरूच्या बनातल्या खोलीत राहायला तुझी हरकत नसेल तर उजवा दे."

या वेळी होकार पलीकडून आला. रतनचा. फोनच्या इतका जवळून, की खरखर ऐकू आली.

गुणाजी बाजूला झाला. पाषाणावर दोन तांबड्या पाकळ्या होत्या. तिघं पडद्याकडे डोळे लावून बसली. उजवी पाकळी जरा हलल्यासारखी वाटली, की डावी, आणि नेमका त्याच वेळी फोन कलंडला. पडद्यावर देवळाचे वासे आले, एक कुंभारमाशीचं घर आणि टांगलेली घंटा. कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला.

"उजवो," रतनचा आवाज म्हणाला. "देवान उजवो दिल्यान."

"वैनी, आम्हाला काही दिसलं नाही," धाकू म्हणाला. "गुणाजी, काय रे, तू बघितलंस ना?"

शाळेतला जोडीदार एकीकडे आणि दरवर्षी जत्रेला देवळात नैवेद्य पाठवणारी रतन दुसरीकडे, अशा कात्रीत गुणाजी सापडला असावा.

"वैनी म्हणतत तर उजवोच," गुणाजी अखेर म्हणाला.

"परत लावून बघू या का?"

"एकदा इचारल्यालो कौल परत लावूचो नसता, भावजी," रतन म्हणाली. आता पडद्यावर तिचा चेहरा आला होता. डोळे ओले होते, पण तोंड हसरं होतं. तिने धाकूला वगळून थेट सुगंधाला विचारलं, "चाय सकाळची किती वाजता देतत थंय?"

"उठायच्या आत, वैनी. पडवीत आणून ठेवतात."

"आयती?"

"आयती."

"मगे एक खोली माका पण सांगून ठेय."

धाकूने तांब्या बाजूला केला तसा मोबाइल आडवा पडला. त्याने तो उचलून हातात घेतला आणि म्हणाला, की वैनी, तुमचं घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

"म्हणानच सांगतंय," रतन म्हणाली. "खोलीतसून माझा घर दिसाक नको. दिसला तर भांडी दिसतली."

मग दादाच्या जेवणाचं काय, असं धाकूने विचारलं. घरात पिकल्या केसांचा एक बहिरा माणूस एकटा कसा राहील, ही त्याची काळजी खरी होती.

"एकटे कित्या? तुमी आसास मां. दोगव भाव घराक ऱ्हवा. लोकांनी फाटला म्हणूक नको."

प्रांजल उठून खिडकीशी गेली, कारण तिला हसू आवरेना आणि समोर देव होता. खिडकीत एक माकड आमसुलांची वाट बघत बसलं होतं.

त्याच दुपारी सुगंधाने सुरूच्या बनात फोन लावला. मालकाचा मुलगा प्रीतम बोलला. एका खोलीत आपण आणि मुलगी, दुसरीत जाऊबाई, असं सांगून तिने विचारलं, की कुठल्या खोलीतून श्यामसुंदरचं घर दिसतं. तो गोंधळला. सगळे विचारतात समुद्र दिसतो का, तो म्हणाला. काय दिसायला नको हे कुणी विचारत नाही. मग त्याने जागेवरून उठून खरंच खोल्यांत जाऊन बघितलं असावं, कारण थोड्या वेळाने धापा टाकत त्याने सांगितलं, की टोकाच्या दोन खोल्या घ्या. तिथून नुसतं पाणी आहे.

संध्याकाळी धाकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. सोलकढीला सोलं किती वेळ भिजत घालायची, असं त्याने विचारलं आणि खिशातून पेन काढलं. सुगंधा हॉलमध्ये पाय वर घेऊन बसली होती. ती उठली नाही. तिने त्याला सांगितलं, की आधी चहा टाक, मग सांगते.

धाकूने पेन खिशात ठेवलं आणि साखरेचा डबा शोधू लागला.