माझ्या पोटावरचं नाव

मी एक रेकॉर्ड बोलतेय. साधीसुधी नव्हे हं! न्यूयॉर्कमधलं सगळं दक्षिण ब्रॉन्क्स माझ्या तालावर नाचलंय. बागेत नाचलं, गच्च्यांवर नाचलं, शाळेच्या आवारात नाचलं. आता खरं सांगते, म्हातारपणी उगीच कशाला फुगू? नाचलं ते माझ्यातल्या चार सेकंदांवर. उरलेल्या अडतीस मिनिटांना कुत्र्यानंही विचारलं नाही.

माझं शिक्षण विचाराल, तर पोटावरच्या गोल कागदावर चार ओळी छापल्या होत्या, तेवढंच. शेवटची ओळ सगळ्यात बारीक होती. ‘ड्रम : क्लिओटिस मेब्री.’

एकोणसत्तर साली आम्ही दोनशे बहिणी नेवार्कमध्ये एकाच साच्यातून गरमागरम निघालो. कंपनी गरीब, म्हणून अंगावर साधं कोरं पाकीट. ती कंपनी वर्षभरात बुडाली. बहिणी गळक्या गोदामात वाकड्या होऊन कचऱ्यात गेल्या. मी वाचले, कारण क्लिओटिसनं मला काखेत मारून घरी आणलं होतं.

माझ्या तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे. पिपाण्या थांबतात, गिटार थांबते, गाणारा ओरडतो, “क्लिओटिस, घे रे बाबा!” आणि मग चार सेकंद नुसता क्लिओटिस. बस्स. त्याच्या आयुष्यात त्याला कुणी असं चारचौघांत बोलावलं ते तेवढंच.

पुढं तो आजारी आईला बघायला दूर दक्षिणेत, जॉर्जियात गेला. मला बहिणीकडे, अर्लीनकडे, ठेवून गेला. “महिन्यात येतो” म्हणाला आणि अठरा वर्षं कोंबड्या कापायच्या कारखान्यात अडकला.

इकडे अर्लीनचा मुलगा रॉन्डेल चांगला तेवीस वर्षांचा घोडा झाला. त्याला माझे चार सेकंद सापडले. खडूनं माझ्यावर खूण केली, बोटानं मला मागं फिरवायचा, सोडायचा, परत मागं. खसक, धडाड! खसक, धडाड! मला गुदगुल्या व्हायच्या. मीही कमी नव्हे. तो पोरींसमोर ऐट मारायला लागला, की मी मुद्दाम सुई उडवायचे.

मग त्यानं सॅम्पलर आणला. हे यंत्र आवाज गिळतं आणि बटण दाबलं की ओकतं. पण पोट केवढंसं, जेमतेम दहा सेकंद मावायचे! म्हणून रॉन्डेल मला दुडक्या चालीनं पळवायचा, आवाज आखडून थोडक्या वेळात मावला की यंत्रात भरायचा आणि आत पुन्हा हळू करायचा. त्यात माझा आवाज खरखरीत व्हायचा, रात्रभर भांडलेल्या बाईसारखा. त्याला तोच आवडायचा. माझ्या मागच्या बाजूच्या गाण्यातला सगळा किणकिणाट त्यानं कापून टाकला, तेव्हा नुसता खर्ज उरला, शेजारच्या घरातली पार्टी भिंतीतून ऐकू यावी तसा. आणि क्लिओटिसच्या पायाच्या प्रत्येक ठोक्याखाली त्यानं दुसऱ्या यंत्राचा लांब घुमणारा दणका घातला. तो दणका वरखाली सुरात लावला, की दणकाच गायला लागायचा. कपाटातल्या बशा नाचायच्या.

“रॉन्डेल, माझं दाराचं बिजागर निखळलंय तुझ्या त्या ढुमढुमानं!” अर्लीन ओरडायची.

“आई, ते आधीपासूनच निखळलेलं होतं.”

“मग आता माझं डोकं निखळलंय!”

हसत होते मी तेव्हा. पण एकदा बागेतल्या कार्यक्रमात डेस्मंड नावाचा मेला माझ्या पोटावर वाकून वाचायला लागला. रॉन्डेलच्या धंद्यात, म्हणजे कार्यक्रमांत रेकॉर्डी वाजवायच्या, चांगला तुकडा सापडला की तो कुठल्या रेकॉर्डवरचा ते जीव गेला तरी सांगायचं नाही. घरी येताच त्यानं मला न्हाणीच्या टबात गरम पाण्यात घातलं.

“अरे, मामाची आहे ना ती?” अर्लीन म्हणाली.

“मामा कुठं येतोय आता!”

माझ्या पोटावरचा कागद सुटला आणि लगदा होऊन मोरीतून गेला. बारीक ओळ सगळ्यात आधी गेली.

आणि आज, रविवारी दुपारी, मामा आलाय. त्याची म्हातारी आई गेली म्हणून परतलाय. पोर्क चॉप आणि भाजीची ताटं तशीच आहेत. मी टेबलावर पडलेय आणि क्लिओटिस मला हातात घेऊन उलटी करतोय, सुलटी करतोय. त्याची बोटं कोंबड्या कापून वाकडी झाली आहेत. ड्रमची काठी धरता येत नाही त्याला.

“चर्चमध्ये जुन्या वादकांचा सत्कार आहे,” तो म्हणतो. “यादी करणारी हॅटीबाई मला हसली. म्हणाली, ब्रॉन्क्समधला प्रत्येक म्हातारा वादकच होता म्हणे. बहिणीची साक्ष नको, रेकॉर्डवर छापलेलं नाव दाखवा. माझं नाव कुठंय रे?”

रॉन्डेल ताट पुढं ओढून चॉप कापायला लागतो.

“धुतलं त्यानं,” अर्लीन म्हणते.

“असू दे, असू दे.” क्लिओटिसला अजून हुरूप आहे. “तिसऱ्या गाण्यात तो मला हाक मारतो ना, तेच ऐकवू तिला!” आणि तो सुई ठेवतो.

माझी सगळी टवाळी इथं संपली हो. खडूची खूण त्या हाकेवरच आहे. हजारदा सुई तिथंच मागंपुढं घासून ती जागा झिजून गेली. मी सगळा जोर लावला, पण गाणाऱ्याच्या तोंडून नाव आलंच नाही. नुसतं खस्स, खस्स. मग धडाड, ड्रम, एकदम स्वच्छ.

क्लिओटिसनं पुन्हा सुई ठेवली. पुन्हा खस्स.

रॉन्डेल घाईघाईनं सॅम्पलर लावतो. “मामा, हे ऐक ना, तुझंच आहे!” दणके घुमतात. म्हाताऱ्याची वाकडी बोटं मांडीवर हलायला लागतात.

“माझ्या पायाच्या ठोक्याखाली हा रेडा कुणी बांधलाय?”

“यंत्राचा दणका आहे, मामा. तुझा ठोका जरा दबका होता.”

“दबका असणारच! रेकॉर्डिंग केलं तिथं खालच्या मजल्यावर तान्हं पोर होतं, म्हणून ड्रममध्ये माझं पांघरूण कोंबलं होतं.”

अर्लीन हसते आणि लगेच डोळे पुसते.

वाचणाऱ्यांनो, कधी एखादी तबकडी हाती आली, तर नाचायच्या आधी तिच्या पोटावरची बारीक ओळ वाचा. मोठ्यानं वाचा. आम्हांला स्वतःची वाचता येत नाही.

रॉन्डेल आवाज वाढवतो. खाली रस्त्यावर कुणीतरी तालावर टाळ्या देतंय. “बघ मामा, अख्खी गल्ली तुझ्या हातांवर नाचते!”

क्लिओटिस मला कोऱ्या पाकिटात घालतो.

“मग खाली जा आणि एकाला तरी विचारून ये, कुणाच्या हातांवर.”