बस मागे जात नाही

अंब्रोस गिस्लर माणूस वाईट नव्हे, पण तोंडाचा भारी फटकळ. चौतीस वर्षं त्याने क्लाउसेनच्या घाटात टपालखात्याची पिवळी प्रवासी बस चालवली आणि तेवढ्या काळात किती जणांचा पाणउतारा केला याची गणतीच नाही. घाटाचा कायदाच तसा आहे. अरुंद रस्त्यावर बस समोर आली की बसचा ड्रायव्हर म्हणेल ती पूर्व दिशा. त्याने मागे घ्या म्हटलं की मागे घ्यायची, मग तुम्ही झुरिकचे मोठे वकील का असेनात. बहुतेक जण घेत. काहींचे मात्र दरी बघूनच हातपाय गळत. मग अंब्रोस बसमधून उतरायचा, सावकाश चालत जायचा, काचेवर टकटक करायचा आणि म्हणायचा, "गाडी मागे घेता येत नसेल तर घाटात यायचंच कशाला? द्या किल्ली."

गाडीवाल्याला तो रस्त्याकडेच्या दगडी कठड्यावर बसवायचा, त्याची गाडी एका दमात मागे नेऊन लावायचा आणि किल्ली हातात ठेवून चालता व्हायचा. संध्याकाळी गावच्या खाणावळीत हे सगळं नकलांसकट व्हायचं. आम्ही पोट धरधरून हसायचो, खोटं कशाला बोला.

तो अंब्रोस आता एकोणऐंशीचा झाला. बायको जाऊन सहा वर्षं झाली. घर गावाच्या वर, चार किलोमीटर चढावर, शेजार म्हणाल तर दुसऱ्यांच्या गाई. पाव आणायचा तर गाडी, चर्चला जायचं तर गाडी. गाडी गेली की घर गेलं आणि मग खाली आल्टडॉर्फचा वृद्धाश्रम. "तिथे पाच वाजता सूप पाजतात आणि आठला दिवे मालवतात. कोंबड्या आहोत का आम्ही?" असं तो म्हणायचा.

पंचाहत्तरी उलटली की आमच्याकडे दर दोन वर्षांनी डॉक्टरकडे जावं लागतं, त्याशिवाय परवाना राहत नाही. या खेपेला डॉक्टरने डोळे तपासले, कान तपासले, मान इकडून तिकडे वळवायला सांगितली आणि हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "अंब्रोस, एकदा मुलीला शेजारी बसवून गाडी चालवा. ती ठीक म्हणाली तर सोमवारी सही करतो."

मुलगी वेरेना झुरिकला शाळेत गणित शिकवते. तिला लबाडी जमत नाही हे डॉक्टरलाही माहीत होतं आणि बापालाही. शनिवारी सकाळी ती आली तेव्हा अंब्रोसची लाल गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी होती. त्याने ती आदल्या दिवशीच तशी लावून ठेवली होती. गेल्या हिवाळ्यापासून त्याची मान एका जागी अडकली होती आणि गाडी मागे घेताना तो अंदाजाने घ्यायचा. अंदाज दोनदा चुकला होता, एकदा दुधाच्या कॅनवर आणि एकदा स्वतःच्याच फाटकावर. फाटकाचं खापर त्याने गाईवर फोडलं. आता मागे घ्यायची वेळच येऊ द्यायची नाही, एवढं ठरलेलं होतं.

"दुकानापर्यंत जाऊन येऊ या?" पट्टा लावत वेरेना म्हणाली.

"दुकानापर्यंत शेळीसुद्धा जाते. घाटात जायचं, पार खिंडीपर्यंत."

"बाबा, शनिवार आहे. सगळी दुनिया लोटली असेल तिथे."

"लोटू दे. तुझा बाप काय चीज आहे ते एकदा बघून घे."

आणि खरंच, काय चालवली त्याने गाडी! प्रत्येक आंधळ्या वळणाआधी हॉर्न, वळणात गिअर खाली, मोटारसायकलवाले अंगावर आले तरी हात जागचा हलला नाही. सुरुवातीला वेरेनाने दाराची मूठ घट्ट धरली होती. अर्ध्या चढावर तिने ती सोडून दिली. अंब्रोसने ते तिरक्या डोळ्याने पाहिलं आणि शीळ घालायला लागला.

वर खिंडीत गाड्याच गाड्या. अंब्रोसने वाहनतळाला दोन फेऱ्या मारल्या आणि जिथून सरळ पुढे निघता येईल अशी जागा सापडल्यावरच गाडी लावली.

"ती समोरची जागा रिकामी होती की," वेरेना म्हणाली.

"बसवाल्याची खोड," अंब्रोस म्हणाला आणि टोपी सारखी करत उतरला.

छोट्या प्रार्थनाघराशेजारच्या बाकावर बसून त्यांनी वाळवलेलं मांस, चीज आणि नाशपातीचा पाव खाल्ला. सप्टेंबरचं ऊन, आभाळात ढगाचा पत्ता नाही, समोर क्लारिडेन शिखराचा बर्फ. पूर्वी तो बर्फ कितीतरी खाली यायचा.

"तोही टकला झाला माझ्यासारखा," अंब्रोस म्हणाला.

एवढ्यात पाठीमागून कुणीतरी फोटो काढून देता का म्हणून हाक मारली. अंब्रोस वळला तो कमरेपासून, अख्ख्या अंगानिशी. वेरेना बघत होती. "बसून बसून अंग आखडलं," तो घाईने म्हणाला. तिने थर्मासमधली कॉफी दोघांच्या कपांत ओतली आणि बराच वेळ कप फिरवत बसली.

मग म्हणाली, "खरं सांगू? मी येताना ठरवूनच आले होते. नाही म्हणायचं, आणि तुम्ही चिडलात तर चिडलात. पण तुम्ही माझ्यापेक्षा चांगली चालवता. सोमवारी सांगते मी डॉक्टरला, करा म्हणावं सही."

अंब्रोसला भारी आनंद झाला. "बघ, म्हटलं नव्हतं?" एवढंच म्हणाला आणि उरलेला पाव सगळा तिला दिला. त्या भरात एक गोष्ट राहिली. वर चढणारी दुपारची बस खिंडीत पोचली की मगच उतरायला लागायचं, असं त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं. ते वेळापत्रक त्याला झोपेतसुद्धा पाठ होतं. पण घड्याळ बघायचं राहून गेलं.

उतरताना तिसऱ्या वळणावर खालून हॉर्न आला, बसचा, तीन सुरांचा. अंब्रोसचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मग त्याने घड्याळ पाहिलं आणि एक सणसणीत शिवी घातली.

"काय झालं?"

"काही नाही. बस आहे."

वळणातून बस आली आणि दहा हातांवर थांबली. गाडी बाजूला घ्यायची जागा मागे, तीस पावलं वर होती. कुणी मागे जायचं हे तिथे पोरसुद्धा सांगेल. अंब्रोसने गिअर टाकला, मान वळवायला गेला आणि ती नेहमीच्या जागी अडकली. आरशात थोडं आभाळ आणि थोडा दगड दिसला. त्याने अंदाजाने घेतली. डोंगराच्या बाजूला करकर आवाज झाला. पुढे घेतली, पुन्हा मागे.

"बाबा, थांबा! थांबा!"

गाडी थांबली. वेरेना दार उघडून उतरली, मागे जाऊन खाली वाकली आणि पांढरीफटक होऊन परत आली. मागचं चाक दरीच्या कडेपासून वीतभर होतं. तिथे नेमका कठडा संपला होता.

"पुन्हा घेतो," अंब्रोस म्हणाला. वेरेना आत बसली नाही. बसच्या काचांना चाळीस तोंडं लागली होती.

बसचं दार उघडलं. ड्रायव्हर उतरली आणि सावकाश चालत आली. तिचा हात टकटक करायला वर गेला आणि तसाच राहिला. ती लुझिया हेर्गर होती. नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यात अंब्रोसनेच तिला हा घाट शिकवला होता.

"अंब्रोसकाका! तुम्ही होय?" तिने गाडीच्या चाकाकडे पाहिलं, वेरेनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "असू दे, असू दे. मीच बस मागे घेते. खाली वळणात आहे जागा. दोन मिनिटांचं काम."

अंब्रोसने काच पूर्ण खाली केली. चढणारी बस, भरलेली, आंधळ्या वळणात उलटी उतरवायची, तीही त्याच्यासाठी. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बस मागे जात नाही," तो म्हणाला.

"काका, कोण बघतंय..."

"मी बघतोय. मी काय शिकवलं होतं तुला? अशा वेळी काय म्हणायचं?"

लुझिया खाली बघायला लागली.

"म्हण."

"काका, नका ना."

"म्हण म्हणतो ना!"

"गाडी मागे घेता येत नसेल," ती हळूच म्हणाली, "तर घाटात यायचंच कशाला." पुढचं तिला बोलवेना.

पुढचं त्यालाही ऐकायचं नव्हतं. त्याने किल्ली काढली आणि काचेतून तिच्या हातात दिली. मग उतरला आणि अलीकडच्या कठड्यावर जाऊन बसला. गुडघे जवळ घेऊन, टोपी हातात धरून. त्याने बसवलेले सगळे असेच बसायचे. खाणावळीत याची नक्कल तो फार छान करायचा.

लुझियाने गाडी एका दमात मागे नेऊन लावली आणि ती बसमध्ये परत गेली. बस हळूच पुढे सरकली, वर गेली आणि त्याला ओलांडताना तिने हॉर्न वाजवला नाही. पुढे रुंद जागी बस थांबवून ती किल्ली द्यायला धावत आली. अंब्रोसने हात पुढे केला नाही. हनुवटीने वेरेनाकडे खूण केली.

वेरेनाने किल्ली घेतली. कठड्यावर त्याच्याशेजारी बसली. तिला रडू येत होतं आणि ती ते लपवत नव्हती. "बाबा, मी शब्द दिलाय तुम्हाला."

"तो तू चांगली मुलगी म्हणून दिलास. सोमवारी डॉक्टरशी तू काही बोलायचं नाही. मी सांगतो." थोडा वेळ त्याने टोपी फिरवली. "आणि फाटक गाईने नव्हतं मोडलं."

"माहीत आहे मला. गाई लाल रंग लावून येतात होय?"

तो हसला, पण डोळे भरून आले होते. मग उठला, चढून गाडीपाशी गेला, तिला वळसा घालून दुसऱ्या बाजूने आत बसला आणि पट्टा कुठे असतो ते शोधायला लागला. त्या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. वेरेनाने तो लावून दिला आणि गाडी सुरू केली.

पहिलं आंधळं वळण आलं.

"हॉर्न," अंब्रोस म्हणाला.

तिने वाजवला.